कान्हेरीचं पाणी

सर नुकतीच ओसरली आहे. बोरिवलीहून आलेली गर्दी कान्हेरी लेण्यांच्या पायथ्याशी उतरते ती थेट तिसऱ्या लेण्याकडे वळते. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. आतलं चैत्यगृह राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, दुसऱ्या शतकाच्या अखेरचं. स्तूपाभोवती फेरी होते, फोटो निघतात आणि बरेच जण इथूनच परत फिरतात.

मी वर चढते. कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, पाऊल आडवं टाकावं लागतं. या डोंगरात शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक भिक्षूंच्या राहण्याची. पुढे अंगण, मग ओसरी, आत खोली, निजायला दगडी ओटा. आणि अंगणाच्या कडेला जमिनीतच खोदलेलं पाण्याचं टाकं. माथ्यावर पडलेलं पाणी कातळावरून उतरतं, अरुंद पन्हळीत शिरतं, वळतं आणि टाक्याच्या तोंडातून आत कोसळतं. मी वाकून ऐकते. खालच्या अंधारात पाण्यावर पाणी पडतंय. खोदणाऱ्यांनी साधलेला उतार आजही चुकत नाही.

भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचेही. लेण्यासोबत पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिल्याची नोंद त्यांतल्या कित्येकांनी आवर्जून केली आहे. पाऊस सरल्यावर कोरड्या पडणाऱ्या डोंगरात नुसतं छप्पर देऊन भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला हे दान त्या भव्य मूर्तींइतकंच थोर वाटतं.

नव्वदाव्या लेण्याच्या ओसरीत पहलवी लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींचे. डोंगर चढून दमलेल्या त्या माणसांची तहानही याच टाक्यांनी भागवली असणार.

खालून रखवालदाराची शिट्टी येते. "अहो दादा, ती बाटली उचला आधी!" कुणीतरी टाक्यात बाटली टाकली आहे. ती हाताला लागत नाही. शेजारच्या टाक्यात वेफर्सची पाकिटं तरंगताहेत, आणि पन्हळीच्या वळणावर पाला नि प्लास्टिक अडकून पाणी अंगणभर पसरलंय.

कान्हेरीला पावसाळ्यात जा, सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद असतात. तिसऱ्या लेण्यावर थांबू नका, वरपर्यंत जा, टाकी बघा. आणि नेलेली प्रत्येक बाटली परत आणा.