दिवसाआड पाणी सोडून पाणी वाचत नाही

‘रोज पाणी दिलं तर लोक उधळतात, दिवसाआड दिलं की जपून वापरतात.’ छोट्या शहरात पाण्याचा विषय निघाला की हे वाक्य आलंच म्हणून समजा. ते पालिकेच्या सभेत निघतं आणि पेन्शनरांच्या कट्ट्यावरही निघतं. मला जास्त खटकतं ते हे, की ज्यांच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं तीच माणसं ते सगळ्यांत ठामपणे म्हणतात. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं, त्यामुळे कुणी उलटून विचारत नाही. विचारायला हवं, कारण ते चूक आहे आणि त्या चुकीची किंमत लोकांच्या पोटाला मोजावी लागते.

पाणी येतं त्या पहाटे घराघरांत काय होतं ते आठवा. नळ आधीपासून उघडाच ठेवलेला असतो, म्हणजे पाणी सुटलं की आवाजाने जाग यावी. अनेक ठिकाणी तोटीच बसवलेली नसते. पाणी आलं की आधी हंडे, कळशा, पिंप रिकामे होतात, कारण आतलं पाणी ‘शिळं’ झालेलं असतं. तीन दिवस जपलेलं पिण्याचं पाणी मोरीत जातं आणि भांडी नव्याने भरली जातात. मग हौद, मग गच्चीवरची टाकी. टाकी भरून वाहू लागते तेव्हा मोटार बंद करायला कुणी लगेच वर धावत नाही. पुन्हा चार दिवस पाणी नाही म्हटल्यावर अंगणही धुऊन होतं, गाडीही. यात बचत कुठे झाली?

बचत होते ती एकाच घरात. ज्याच्याकडे हौद नाही, गच्ची नाही, भाड्याच्या खोलीत दोन पिंप ठेवण्यापुरती जागा आहे, त्याच्या घरात. पाच हजार लिटरचा हौद बांधलेल्या माणसाला दिवसाआड आणि रोज यांत काही फरक पडत नाही. तेव्हा ‘लोक जपून वापरतात’ यातले लोक नेमके कोण, हे बोलणाऱ्याने एकदा सांगावं.

आता नळीचं गणित. सरकारी निकषांप्रमाणे ५० हजारांपर्यंत वस्तीच्या गावात वितरणाच्या नळ्या सरासरी मागणीच्या तिप्पट प्रवाह धरून आखतात. सकाळी सगळे एकाच वेळी नळ सोडतात, त्यासाठी ही सोय असते. दिवसाआड दोन तास पाणी सोडायचं म्हणजे अठ्ठेचाळीस तासांचं पाणी दोन तासांत द्यायचं, म्हणजेच सरासरीच्या चोवीसपट प्रवाह हवा. तिपटीसाठी घातलेल्या नळीतून तो जाणारच नाही. प्रवाह दुप्पट झाला की नळीत घर्षणाने जाणारा दाब जवळजवळ चौपट होतो. म्हणून जलकुंभाच्या पायथ्याच्या गल्लीत धो-धो पाणी आणि शेवटच्या टोकाला करंगळीएवढी धार. टोकाचे लोक व्हॉल्व्हमनशी भांडतात. तो बिचारा लोखंडी चावी घेऊन पहाटेपासून चौकाचौकांतले चेंबर उघडत-झाकत असतो, आणि तो व्हॉल्व्ह घाईने फिरवला की पाण्याचा धक्का बसून जुने सांधे आणखी खिळखिळे होतात. आडात आहे ते पोहऱ्यात येत नाही, आणि दोष मात्र पोहरा ओढणाऱ्याला!

मग टोकाचा माणूस नळाला थेट मोटार जोडतो. त्याची अडचण मला कळते. पण मोटार नळीतून पाणी ओढते तेव्हा नळीतला दाब शून्याखाली जातो, आणि आपल्या गावांत पाण्याची नळी गटाराला खेटून, कित्येकदा गटारातूनच गेलेली असते. सांध्यात फट असेल तर मोटार त्या फटीतून गटाराचं पाणी ओढून घेते. ते फक्त मोटारवाल्याच्या घरी जात नाही, पूर्ण गल्लीत जातं. मोटार नसली तरी धोका आहेच. पाणी बंद केलं की नळी रिकामी होते, बाहेर साचलेलं पाणी आत झिरपतं आणि पुढच्या वेळी नळ सुटल्यावर तेच आधी येतं. पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं ते यामुळे. नळीत चोवीस तास दाब असेल तर फटीतून पाणी बाहेर गळेल, बाहेरची घाण आत येणार नाही.

हे नुसतं पुस्तकातलं म्हणणं नव्हे. आपल्या शेजारी हुबळी-धारवाडमध्ये २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, उरलेल्या शहरात जुनीच पद्धत राहिली. बेळगाव आणि कलबुर्गीतही असेच वॉर्ड निवडले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी हुबळी-धारवाडच्या दोन्ही भागांतल्या नळांचं पाणी तपासलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार थांबून थांबून पाणी येणाऱ्या नळांच्या जवळपास ३२ टक्के नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जीवाणू सापडले. चोवीस तास पाणी असलेल्या नळांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. २०१५ च्या पुढच्या अभ्यासात चोवीस तास पाणी असलेल्या घरांत टायफॉइडचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. जुलाब हात न धुण्याने होतात, उघड्या अन्नाने होतात, घरात साठवलेल्या पाण्यात बुडवलेल्या तांब्यानेही होतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, चोवीस तास सोडलं तर गळतीतच सगळं जाईल.’ यात तथ्य आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. फुटक्या नळ्यांत चोवीस तास दाब ठेवला तर गळती वाढणारच. म्हणूनच आधी नळ्या बदलायच्या, मीटर बसवायचे, मग पाणी वाढवायचं, असा क्रम असतो. पण दिवसाआडची पद्धत गळती बरी करत नाही, ती लपवते. नळी अठ्ठेचाळीसातले शेहेचाळीस तास कोरडी असेल तर फट कुठे आहे ते दिसणार कसं? केंद्र सरकारच्या सेवा मानकांनुसार ज्याचं बिल होत नाही असं पाणी २० टक्क्यांच्या आत असायला हवं. आपल्या कितीतरी शहरांत ते त्याच्या दुप्पट आहे, आणि बऱ्याच नगरपालिकांकडे जलकुंभातून किती पाणी बाहेर पडलं ते मोजायला चालू मीटरही नाही. मोजतच नाही, तर वाचलं हे कोणत्या आधाराने सांगतात?

हे फक्त मोठ्या शहरांना परवडतं, असं वाटत असेल तर कराडला खेटून असलेलं मलकापूर पाहा. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. कोयनेच्या पाण्यावर, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या आखणीने तिथे चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला त्याला आता दीड दशकाच्या वर काळ लोटला. जुन्या नळ्यांना ठिगळं लावण्याऐवजी जाळं नव्याने घातलं, प्रत्येक जोडणीला मीटर दिला आणि जसजसा वापर वाढेल तसतसा दर चढत जाईल अशी पाणीपट्टी ठेवली. उधळपट्टीला खरा लगाम या चढत्या दराने बसतो. जपून वापरणाऱ्याला पाणी स्वस्त पडतं, बागेला पाइप लावून विसरणाऱ्याला महाग. नळ केव्हाही सोडला की पाणी येतं हे एकदा पटलं की घरात साठवणं बंद होतं, आणि साठवणं थांबलं की ओतून देणंही थांबतं. ओडिशातल्या पुरीत तर २०२१ पासून सरळ नळाचं पाणी पिता येईल अशी व्यवस्था झाली. यात्रेकरूंनी गजबजलेल्या गावात ते जमलं, म्हणून आपल्या तीर्थक्षेत्रांच्या नगरपालिकांनी तिकडे जरूर पाहावं.

दुसरा गैरसमज दर पावसाळ्यात उगवतो: ‘धरण भरलं, आता रोज पाणी का नाही?’ ५० हजार वस्तीला माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर दिवसाला साडेसदुसष्ट लाख लिटर लागतात. वर्षाचा हिशेब होतो सुमारे २४६ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे अशा शहराला अख्ख्या वर्षात एक टीएमसीचा दहावा हिस्साही लागत नाही! धरण भरण्या-न भरण्याशी रोजच्या पाण्याचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. शंभर टीएमसीचं जायकवाडी भरलेलं असतानाही शहरात वर्षानुवर्षं आठवड्याने पाणी येत राहिलं, कारण ते आणणाऱ्या ७०० आणि १,४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या वाढलेल्या शहराला पुरत नव्हत्या. खरी टंचाई नसतेच असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये मांजरा आटली आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे कितीही चांगल्या नळ्या असत्या तरी उपयोग नव्हता. पण लातूरची ती वेळ आणि काठोकाठ भरलेल्या धरणाशेजारचा कोरडा नळ ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊन कुणी सुटका करून घेऊ नये.

‘योजनेचे इतके कोटी मंजूर झाले, मग गेले कुठे?’ हाही प्रश्न नेहमीचा. मंजूर रक्कम एका दिवशी पालिकेच्या खात्यात पडत नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अमृत २.० या शहरी योजनेत एक लाखाच्या आतल्या शहराला प्रकल्प खर्चाचा निम्मा वाटा केंद्र देतं, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश. तोही २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत, काम पुढे सरकेल तसा. उरलेलं राज्याने आणि पालिकेने उभं करायचं. पालिकेचा वाटा वेळेवर उभा राहिला नाही की काम रखडतं, आणि पाणीपट्टीची वसुली कमी असली की तो उभा राहत नाही. भ्रष्टाचार होतच नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण जाब विचारताना ‘पैसे कुठे गेले’ याऐवजी ‘कितवा हप्ता आला, किती किलोमीटर नळी घातली, कोणता जलकुंभ चालू झाला’ असं विचारलं तर उत्तर देणाऱ्याला पळवाट राहत नाही.

आता काही किरकोळ गोष्टी.

पाण्याला औषधाचा वास येतो म्हणजे पाणी बिघडलं, असं नाही. तो क्लोरीनचा वास. भारतीय मानकाप्रमाणे नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायलाच हवा. आरोग्यसेवक परीक्षानळीत नळाचं पाणी घेऊन क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाचे, म्हणजे ओटीचे, थेंब टाकतो तेव्हा ते पिवळसर व्हायला हवं. पाणी जसंच्या तसं राहिलं तर काळजी करावी.

पाणी दुधासारखं पांढरं आलं तर ते पेल्यात घेऊन दोन मिनिटं थांबा. तळापासून वरवर स्वच्छ होत गेलं तर ती हवा. गढूळपणा खाली बसला तर ती माती.

तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. निवळलेल्या पाण्यालाही क्लोरीन किंवा उकळी हवीच.

आरओ मशीन प्रत्येक घरी हवंच, हा विक्रेत्यांनी रुजवलेला समज आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. नदी-धरणाचं पाणी पिणाऱ्या पुष्कळ शहरांत टीडीएस त्याच्या खालीच असतो, आणि तिथे हे मशीन चांगलं पाणीच मोरीत सोडतं.

मीटर हवेने पळतो ही तक्रार मात्र खोटी नाही. रिकाम्या नळीत पाणी सोडलं की पुढे कोंडलेली हवा जोराने मीटरमधून जाते आणि आकडे फिरतात. नळी सतत भरलेली असेल तर ही हवा राहतच नाही. म्हणून दिवसाआडची पद्धत तशीच ठेवून आधी मीटर बसवू पाहणाऱ्या पालिकेला लोकांनी विरोध केला तर तो समजण्यासारखा आहे.

आणि नवा रस्ता झाला की महिन्याभरात नळीसाठी तो खणतात, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यात गैरसमज काही नाही. बांधकाम आणि पाणीपुरवठा हे दोन विभाग एकाच इमारतीत बसतात. रस्त्याची निविदा काढण्याआधी त्याखालच्या नळीचं वय विचारायला त्यांना मधला एक जिना चढावा लागतो. येत्या वर्षी कोणते रस्ते होणार आणि त्यांतल्या कोणत्या रस्त्यांखालच्या नळ्या आधी बदलणार, अशी एकत्र यादी वॉर्डनिहाय लावण्याची मागणी आपल्या नगरसेवकाकडे लेखी करता येते. ती अंदाजपत्रकाच्या आधी करावी. निविदा निघाल्यावर तिचा काही उपयोग होत नाही.