प्रतिध्वनियंत्र आणि मासळी



खडकवासल्याच्या धरणाच्या भिंतीपाशी उभे राहून पाण्याकडे पाहणाऱ्या मनुष्याच्या मनात एक प्रश्न हटकून येतो, तो हा की, येथे पाणी किती खोल असेल? हे धरण १८७९ साली पुरे झाले. १९६१ च्या जुलै महिन्यात पानशेतचे धरण फुटले, तेव्हा त्या लोंढ्याने येथील भिंतही फोडली व पुढे ती पुन्हा बांधावी लागली, हे पुणेकरांस सांगावयास नकोच. वर्षानुवर्षे नदी आपल्याबरोबर गाळ आणीत असते आणि पाण्याचा तळ हळूहळू वर येत असतो. वरून मात्र पाणी जसेच्या तसे दिसते. तळ कोठे आहे, हे डोळ्यांनी कळण्याचा मार्गच नाही.

ह्याच खडकवासल्यास केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने आरंभिलेल्या लहानशा कार्यालयाचे ते आजचे मोठे रूप होय. बंदरांच्या व नद्यांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळविण्याचे काम तेथे चालते. ह्या शास्त्रातील लोकांस जेव्हा एखाद्या जलाशयाचा अथवा खाडीचा तळ मोजावयाचा असतो, तेव्हा ते होडीतून दोरी सोडीत बसत नाहीत. ते पाण्यात ध्वनी सोडतात आणि तळावर आपटून परत आलेला ध्वनी ऐकतात. कोकणातील मच्छीमार आपल्या नावेवर जे मासळी शोधण्याचे यंत्र बसवितो, ते ह्याच जातीचे. ते यंत्र कसे निवडावे, ह्याविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे.

आपणांपैकी कोणास नाव विकत घ्यावयाची नाही, हे मी जाणून आहे. परंतु दापोली तालुक्यातील शाळेत मी काही वर्षे शिकवीत होतो, आणि त्या वेळचा माझा एक विद्यार्थी आज हर्णैस स्वतःची ट्रॉलर नाव चालवितो. गेल्या मे महिन्यात त्याचे पत्र आले. कर्ज काढून नवे यंत्र घ्यावयाचे आहे. दुकानदार रंगीत पडद्यावर माशांची चित्रे दाखवितो. आधीच्या यंत्राने एकदा जाळे फाडले. तर गुरुजी, विज्ञान तुम्हीच शिकविले होते, आता काय घेऊ ते सांगा. जाळे फाटणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी समुद्रावरून पैसा येतो त्यालाच कळते. हंगाम चालू असता नावेस घरी बसवावे लागते, खलाशांचा पगार चालूच राहतो आणि सोसायटीचा हप्ता काही थांबत नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. तरी मिळतील ती पुस्तके व माहितीपत्रके चाळून मी त्यास उत्तर लिहिले. तेच थोडे विस्ताराने आपणांस सांगतो.

ह्या यंत्राच्या एका प्रकारास सोनार असे नाव आहे. मराठी कानास ते ऐकून हसू येते. पण ते नाव अगदीच अस्थानी नाही. जुना सोनार रुपया दगडावर वाजवून पाही आणि नादावरून खरे-खोटे ओळखी. हे यंत्रही समुद्राचा तळ वाजवूनच पाहते.

पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. १८२६ साली कोलादाँ व स्टुर्म ह्या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात हा वेग मोजला. एका होडीवर पाण्यातली घंटा वाजे व त्याच क्षणी दारूचा भडका उडे. कित्येक किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या होडीतील मनुष्य भडका पाही आणि पाण्यात बुडविलेल्या नळीस कान लावून घंटेची वाट पाही. सेकंदास सुमारे १४३५ मीटर, असा वेग त्यांस त्या थंड पाण्यात आढळला. पुढे १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा प्रतिध्वनीने हिमनग ओळखता येईल काय, ह्या विचाराने अनेकांनी उचल घेतली. जर्मनीत बेम ह्याने १९१३ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. फेसेंडेन ह्याने १९१४ साली अटलांटिक महासागरात सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी प्रत्यक्ष ऐकला. महायुद्धात पाणबुड्यांच्या भयाने ही विद्या झपाट्याने वाढली. मासळीकडे ती वळली ती मात्र जपानात. नागासाकीकडील फुरुनो बंधू मच्छीमार नावांवरील दिव्यांची कामे करीत. जेथे बुडबुडे वर येतात तेथे खाली मासे असतात, असे एका जाणत्या कोळ्याकडून त्यांनी ऐकले, आणि बुडबुड्यावर ध्वनी आपटून परत येईल अशा तर्काने नौदलाच्या जुन्या यंत्रावर खटपट करून १९४८ साली त्यांनी मासळी शोधणारे यंत्र बाजारात आणले, असे सांगतात.

आता गणित पाहा. ते पाचवीतल्या मुलालाही येईल. तळ ३० मीटरांवर असेल, तर ध्वनीस जाऊन-येऊन ६० मीटर जावे लागते. सेकंदास १५०० मीटर वेग धरला, तर त्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. यंत्र हा काळ मोजते, वेगाने गुणते व निम्मे करते. बाकी सारी सजावट.

परंतु तळाच्या आधी वाटेत मासा असेल तर? येथे एक मोठी मौज आहे. माशाचे मांस व पाणी ह्यांच्या घनतेत फारसा भेद नसल्याने ध्वनी त्या मांसातून जवळजवळ न अडखळता निघून जातो. प्रतिध्वनी येतो तो मुख्यत्वे माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून. शास्त्रीय भाषेत तिला वाताशय म्हणतात, पालघरकडचे मच्छीमार तिला बोत म्हणतात. ज्या माशास ही पिशवी आहे, त्याच्या प्रतिध्वनीचा नऊ दशांशांहून अधिक भाग एकट्या त्या पिशवीचा असतो. म्हणून तारली, बांगडा, घोळ ही मासळी यंत्रास स्वच्छ दिसते. बोंबील, सुरमई, मुशी व माकूळ ह्यांना ही पिशवीच नाही. त्यांची खूण फिकट उमटते किंवा उमटतच नाही. ‘सर्व मासे दाखविणारे यंत्र’ अशी जाहिरात करणाऱ्यास हा एकच प्रश्न विचारावा की, बाबा रे, सुरमई दाखवितोस काय?

घोळीची तर गोष्टच निराळी. २०२१ साली पालघर जिल्ह्यातील एका मच्छीमाराच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळी सापडल्या व त्यांस १ कोटी ३३ लाख रुपये मिळाले, ही बातमी आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. ती किंमत मांसाची नव्हे, ह्याच बोताची. वाळविलेल्या बोतास हाँगकाँग-चीनकडे मोठी मागणी आहे. ह्या जातीचे मासे त्याच पिशवीवर स्नायूंचे आघात करून ढोल वाजविल्यासारखा आवाजही काढतात. मलायात पूर्वी पाण्याखाली डोके घालून तो आवाज ऐकणारे व त्यावरून थवा कोठे आहे ते सांगणारे जाणते लोक असत. म्हणजे जो अवयव माशाला बोलता करतो, तोच त्याला यंत्रापुढे उघडा पाडतो आणि बाजारात त्याचाच भाव होतो.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, आपण मासेमारी कोणती करतो? डोल लावणाऱ्यास हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याची जागा ठरलेली, ओहोटी-भरतीचे पाणी जाळ्यातून जाते आणि मिळतो तो बोंबील व जवळा, ज्यांचा प्रतिध्वनी यंत्रास विशेष सांगता येत नाही. पर्ससीनवाल्यास नावेभोवतीचा थवा आडवा शोधावयाचा असतो; त्यासाठी चहूकडे ध्वनी फिरविणारे खरे सोनार लागते व त्याची किंमत लाखांत जाते. माझ्या विद्यार्थ्याचे ट्रॉलर जाळे तळावरून ओढले जाते आणि त्यात मुख्यतः कोळंबी मिळावी अशी अपेक्षा असते. कोळंबीस वाताशय नाही. तेव्हा त्यास माशांच्या चित्रांशी कर्तव्य काय? त्यास तळ पाहिजे. चिखल कोठे, वाळू कोठे आणि खडक कोठे.

आधीच्या यंत्राने जाळे कसे फाडले, त्याचे कारण येथेच आहे. ही यंत्रे बहुधा दोन कंपनसंख्यांवर चालतात, ५० व २०० किलोहर्ट्झ. पहिलीत सेकंदास पन्नास हजार कंपने व तरंगाची लांबी ३ सेंटिमीटर. दुसरीत दोन लक्ष कंपने व लांबी साडेसात मिलिमीटर. लांब तरंग खोलवर पोचतो. आखूड तरंग पाण्यात लवकर विरतो, पण बारीक वस्तू वेगळी दाखवितो. शिवाय कमी कंपनांचा झोत सामान्यतः रुंद असतो. ४५ अंशांचा झोत ४० मीटर खोलीवर ३३ मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. १२ अंशांचा झोत सुमारे ८ मीटरांचे. त्या ३३ मीटरांच्या वर्तुळात जो उंचवटा सर्वांत जवळ, त्याचा प्रतिध्वनी आधी येतो आणि यंत्र तोच तळ म्हणून काढते. दोन खडकांमधली दरी त्यात बुडून जाते व खडकाळ जागा गुळगुळीत, लोळणाऱ्या टेकड्यांसारखी दिसते. त्याच्या जुन्या यंत्रास एकच रुंद झोत होता. पडद्यावर सपाटी होती, जाळ्याखाली खडक होता. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते, एवढेच नव्हे तर त्यासच ते ठाऊक होते की नाही, ह्याची मला शंका आहे.

म्हणून मी लिहिले की, दोन्ही कंपनसंख्या असलेले, किंवा अलीकडे निघालेले, एका ठोक्यात अनेक कंपनसंख्या सरकत्या क्रमाने सोडणारे यंत्र घे. तुमच्या खोलीवर विसंबावयाचे ते २०० वर. शक्ती किती वॅटची, ह्यावर दुकानदार फार भर देतात. ६०० वॅट किनाऱ्यालगतच्या त्या खोलीस पुष्कळ होतात. शक्ती दुप्पट केल्याने खोली दुप्पट होत नाही. तोच पैसा ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे नावेच्या तळाशी बसणाऱ्या ध्वनी सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या गोळ्यावर खर्च करावा. आणि माशांची ती चित्रे बंदच ठेवावीत. यंत्राचा गणक बुडबुडा, कचरा, गढूळ पाण्याचा थर ह्या कशालाही मासा ठरवून चित्र काढतो. खरा प्रतिध्वनी कमानीसारखा उमटतो, कारण मासा झोतात शिरताना दूर, मध्ये आल्यावर जवळ व जाताना पुन्हा दूर असतो. ती कमान वाचावयास डोळ्यांना सवय लागते. पंधरा दिवसांत लागते. कठीण तळाची रेघ जाड व गडद येते, कित्येकदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी छायाही पडते, कारण ध्वनी पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन येतो. चिखल ध्वनी पिऊन टाकतो. ट्रॉलरच्या तांडेलास हीच वाचनाची बाराखडी.

बसविण्यातील चूक यंत्राच्या दोषापेक्षा अधिक घात करते. ट्रान्सड्यूसरपुढून पंख्याचे किंवा नाळेकडचे बुडबुडे जाता कामा नयेत. हवा ध्वनीस भिंतीसारखी अडविते. लाकडी नावेत तो फळीच्या आत बसवून भागत नाही, तळास भोक पाडून बाहेरच काढावा लागतो. त्याच्या तोंडावर शंखशिंपले चढू देऊ नयेत व जाड रंगही फासू नये. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते व नावा वर ओढलेल्या असतात; हे काम करावयाचे ते तेव्हाच.

आणखी एक सावधगिरी मी कळविली. यंत्र जे दाखविते ते नावेच्या पोटाखालचे. जाळे मागून येते. दीडशे मीटर दोर सोडला असेल व नाव ताशी तीन सागरी मैलांनी, म्हणजे सेकंदास सुमारे दीड मीटर, चालली असेल, तर पडद्यावर दिसलेल्या खडकापाशी जाळे पोचावयास सुमारे शंभर सेकंद लागतात. तेवढ्यात वळावयाचे किंवा जाळे उचलावयाचे. शंभर सेकंद पुष्कळ आहेत, पण पाहणारा डोळा पडद्यावर असला पाहिजे.

मासळी कोणत्या बाजूस असेल, ह्याचा अंदाज तर फुकट मिळतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाने समुद्राचे तापमान व पाण्याचा रंग पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते. आधी ती पाहावी, मग डिझेल जाळावे.

यंत्रे जसजशी तीक्ष्ण होत आहेत तसतसा लपलेला शेवटचा थवाही सापडू लागला आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करण्यास बंदी केली. तरी त्यावरून किनाऱ्यावर भांडणे चालूच आहेत. तळ ओरबाडणारी ट्रॉलरही ह्या बाबतीत निर्दोष नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यास स्पष्ट लिहिले. त्याचे उत्तर आले, ‘‘गुरुजी, खरे आहे, पण हप्ता मलाच भरायचा आहे.’’ त्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

त्याने दोन कंपनसंख्यांचे साधे यंत्र घेतले, जुलैत बसविले, आणि ऑगस्टात पहिल्या खेपेहून पत्र लिहिले. त्याचे वडील सत्तरीच्या घरात आहेत, अजून नावेवर जातात. त्यांनी शिशाचा गोळा बांधलेली आपली जुनी दोरी सोडली व सांगितले, बावीस वाव. सहा फुटांचा वाव धरला तर ते सुमारे ४० मीटर होतात. यंत्र दाखवी ३८. वडील म्हणाले, पैसे पाण्यात गेले.

मी लिहिले, बाबा खोटे नाहीत आणि यंत्रही खोटे नाही. यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे, ट्रान्सड्यूसरपासून मोजते. तो तुमच्या नावेत मीटरभर खाली आहे, तेवढी भर यंत्रात घालून ठेव. दुसरे, यंत्र वेग १५०० धरते. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात तो जवळजवळ तेवढाच भरेल. परंतु तुमच्याकडील खाऱ्या, २८ अंश तापलेल्या समुद्रात ध्वनी सेकंदास सुमारे १५४० मीटर धावतो. प्रतिध्वनी लवकर परत येतो व यंत्रास तळ जवळ वाटतो. चाळीस मीटरांत मीटरभराचा फरक एवढ्यानेच पडतो. हे दोन मीटर तेथे गेले. मात्र वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर, आणि सर्वांचे हात सारखे नसतात. तेव्हा हा हिशेब पुरा मानण्यापूर्वी बाबांना भिंतीपाशी उभे करून त्यांचा वाव एकदा टेपने मोज आणि मला कळव.