थेंब एकीकडे, गळती भलतीकडे!

बालमित्रांनो, भाजी मंडईत रात्रभर उभी असलेली डिझेल पिकअप सकाळी हलली, की तिच्या खाली कधी कधी एक काळाकुट्ट, चकचकीत डाग दिसतो. लगेच कुणीतरी म्हणतं, "ऑइल गळतंय हो गाडीचं!" डाग असतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली. मग निदानही झटपट होतं, "मागचं ऑइल सील गेलं!"

हे सील म्हणजे रबराची एक गोल कडी. पण ती बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तेवढा वेळ गाडी बंद, भाडं बुडालं, मजुरीचा खर्च वेगळाच. आणि एवढं सगळं करूनही गाडी सुरू केल्यावर डाग पुन्हा तिथेच! असं का बरं होतं? चला, आज आपण गुप्तहेर होऊ या आणि या थेंबाचा माग काढू या.

आधी कौलारू घर आठवा

पावसाळ्यात कौलारू घर गळू लागलं, की पाणी टपकतं नेमकं अंथरुणावर. पण फुटकं कौल अंथरुणाच्या बरोबर वर असतं का? मुळीच नाही! ते असतं पार वर, आढ्याजवळ. पाणी तिथून आत शिरतं, वाशाला चिकटून खाली सरकतं आणि मध्ये एखादा खिळा आडवा आला, की तिथून टपकतं.

इंजिनचंही अगदी तसंच आहे. तेल वर कुठेतरी झिरपतं, इंजिनच्या अंगावरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यांत खालच्या टोकावरून थेंब सोडतं. शिवाय गाडी धावत असताना समोरून येणारा वारा तेलाला मागे ढकलतो. म्हणून गुप्तहेरांचा पहिला नियम लिहून ठेवा: डागापासून वर पाहा आणि पुढे पाहा.

थेंब कुणाचा?

गाडीत काही एकच पातळ पदार्थ नसतो, बरं का! रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा पसरून ठेवायचा. पुढची चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा पेन्सिलीने करायच्या. सकाळी कागद बोलू लागतो.

काळा, बुळबुळीत डाग असेल तर ते इंजिन ऑइल. नवे ऑइल मधासारखे सोनेरी असते. पण डिझेल जळताना काजळी तयार होते, ती त्यात मिसळते आणि ऑइल लवकरच काळे पडते. तपकिरी, दाट आणि उग्र वासाचे असेल तर ते गिअर ऑइल असू शकते. डिझेल पातळ असते, त्याचा वास तर तुम्ही पेट्रोल पंपावर घेतलेलाच आहे. हिरवे, निळे किंवा गुलाबी पाणी म्हणजे रेडिएटरचे कूलंट. त्याला गोडसर वास येतो, पण ते विषारी असते! कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून ते लगेच पुसायला हवे. एसी असलेल्या गाडीखाली नुसते स्वच्छ पाणी दिसले, तर मात्र घाबरायचे कारण नाही.

आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर थेंब दिसले तर? ते ब्रेक ऑइल असू शकते. अशी गाडी जागची हलवायची नाही. मेकॅनिकलाच घरी बोलवायचे.

आधी पुसा, मग शोधा

सगळं इंजिन तेलाने माखलेलं असेल, तर नवी गळती दिसणार कशी? फळ्यावर आधीच्या तासाचं लिखाण तसंच ठेवून कुणी नवं गणित मांडतं का? म्हणून चांगला मेकॅनिक आधी इंजिन धुऊन-पुसून कोरडं करतो. मग गाडी थोडी फिरवून आणतो आणि बॅटरीच्या उजेडात पाहतो, की सगळ्यांत वर ओलं कुठे झालंय? तो वरचा ओला ठिपका हाच खरा चोर! गळती अगदी बारीक असेल, तर काही ठिकाणी ऑइलमध्ये खास रंग मिसळतात. अतिनील दिव्याखाली तो चमकतो आणि चोराची वाट दाखवतो.

आता संशयितांची यादी पाहा. सगळ्यांत वर टॅपेट कव्हरचे पॅकिंग. मग ऑइल फिल्टरचे रबर. सगळ्यांत खाली चेंबरचे पॅकिंग आणि ऑइल काढायच्या बोल्टचे वॉशर. आठवतोय का आपला पहिला डाग? टॅपेट कव्हरच्या मागच्या बाजूने झिरपलेलं तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळून बरोबर त्याच जोडाखाली टपकतं! चोर माडीवर आणि पकडला जातो तळमजल्यावरचा. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. म्हणून सोपे संशयित आधी तपासायचे, अवघड काम शेवटी.

एक संशयित लपून बसतो. इंजिनमध्ये साचणारी वाफ आणि वायू बाहेर जायला एक नळी असते. ती तुंबली, की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी सील बदलून काय उपयोग? नळी साफ करायला हवी.

थोडं गणित करू या

समजा, मिनिटाला एक थेंब पडतो आणि 40 थेंबांचे 1 मिलिलिटर होते. दिवसाला 1440 थेंब, म्हणजे 36 मिलिलिटर. 28 दिवसांत 1 लिटरहून जास्त! ऑइल फार कमी झालं, तर आतले भाग एकमेकांवर घासून इंजिन जाम होतं. म्हणून सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने ऑइलची पट्टी पाहायची. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना गाडीखाली शिरू देऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मोठ्यांनीही जाऊ नये. गरम इंजिनला हात नको, गरम रेडिएटरचे झाकण उघडायला नको. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका; डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या. कागद अंथरणे, खुणा करणे, वहीत नोंद ठेवणे ही कामे मात्र मुलांना आवर्जून द्या.

आणि मुलांनो, पुढच्या वेळी गणिताचं उत्तर चुकलं, तर नुसता शेवटचा आकडा खोडू नका. एकेक पायरी वर जा. पहिली ओली जागा तिथेच कुठेतरी सापडेल!