रिपोर्ट नॉर्मल आला तरी कावीळ 'ब'ची गोळी सोडू नका

प्रतिनिधी : कावीळ 'ब' म्हणजे हिपॅटायटिस बी. या आजाराची गोळी सुरू झाली की काही महिन्यांत रिपोर्ट सुधारतो. अंगात त्रास नाही, जेवण जातंय, शेतातलं काम होतंय. मग पेशंटला वाटतं, आता गोळी कशाला? आणि तो स्वतःच बंद करतो. खरा धोका इथूनच सुरू होतो.

हा विषाणू लिव्हरच्या पेशीत अगदी आतपर्यंत जाऊन बसतो. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर ही गोळी त्याची वाढ थांबवते, पण त्याला मुळासकट काढत नाही. शेतकऱ्याला हे हरळीवरून लगेच कळेल. वरचं हिरवं गेलं तरी काशा जमिनीत असतात. पाणी मिळालं की पुन्हा फुटतात. गोळी बंद केली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू परत वाढू शकतो, लिव्हरला सूज येते, कावीळ होते. ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे, त्याच्या जिवावरही बेतू शकतं.

गोंधळ होतो तो कावीळ 'सी'मुळे. 'सी'च्या गोळ्या साधारण 12 किंवा 24 आठवड्यांच्या असतात आणि बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. 'ब'चं तसं नाही. काहींना वर्षानुवर्षे, तर काहींना आयुष्यभर गोळी लागते. 'ब' असलेल्या प्रत्येकालाच गोळी लागते असंही नाही. सुरू करायची की थांबवायची, हे तपासण्या बघून डॉक्टरच ठरवतात.

हे लक्षात ठेवा

- रोज एकच वेळ धरा. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.
- एन्टेकॅविर उपाशीपोटी घ्यायची असते. जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास, एवढं अंतर ठेवा.
- डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त तपासा. टेनोफोविर चालू असेल तर किडनीचीही तपासणी लागते.
- ऊसतोडीला किंवा बाहेरगावी कामाला जाणार असाल तर आधीच सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. डबी संपायची वाट बघू नका.
- दारू पूर्ण बंद. झाडपाल्याच्या औषधासाठी ही गोळी सोडू नका.
- दिवस गेले असतील तरी स्वतःहून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना कळवा.

खर्चाचं म्हणाल, तर 2018 पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जवळचं केंद्र कुठं आहे, हे जिल्हा रुग्णालयात विचारा.

काहीजण लोक काय म्हणतील म्हणून गोळी लपवतात, आणि लपवता लपवता ती चुकते. एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं हा आजार होत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. म्हणून दाढीचं ब्लेड आणि ब्रश वेगळा ठेवा, घरच्यांची तपासणी करा, गरज असेल त्यांना लस द्या. बाळ जन्मलं की 24 तासांच्या आत पहिली लस मिळालीच पाहिजे.

घरात कुणाची ही गोळी चालू असेल, तर आज घेतली का, एवढं रोज विचारत चला.