खोल पाण्यातले रंगेल

समुद्रात लपून राहायचं असेल तर अंगरखा कुठल्या रंगाचा हवा? खोल पाण्यातल्या माशांचं उत्तर ठरलेलं आहे: लालभडक.

सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्यात फार टिकत नाही. पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्येच पाणी त्याचा बहुतेक भाग गिळून टाकतं. पाठोपाठ नारिंगी जातो, मग पिवळा. शेवटपर्यंत तग धरतो तो निळा. वीस-पंचवीस मीटर खाली पाणबुड्याचं बोट खरचटलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं आणि नवखा असेल तर त्याची पाचावर धारण बसते. माशाचं गणितही हेच. लाल दिसायला अंगावर लाल उजेड पडावा लागतो. तो खाली पोचतच नाही, म्हणजे तिथला लाल मासा हा काळोखातला काळा मासा. बाजारात ज्या लालीवर भुलून आपण भाव विचारतो, ती लाली त्या माशाच्या शेजाऱ्यांनीही कधी पाहिलेली नसते.

शिवाय ती उसनी असते. मासे हा लाल रंग स्वतः तयार करत नाहीत. कोळंबीसारखे कवचधारी जीव खाऊन त्यांच्यातलं अ‍ॅस्टाझँथिन अंगात मुरवतात. थोडक्यात, जसं खाणं तसा रंग.

एकाच्याच हातात टॉर्च

या लपाछपीत चोरवाट शोधणारा एक महाभाग आहे. मॅलॅकोस्टियस नायजर. वीतभर लांबीचा, काळाकुट्ट. खालच्या जबड्याची नुसती चौकट, तिला तळच नाही. बहुतेक खोलसागरी मासे स्वतःचा उजेड पाडतात तो निळा-हिरवा, आणि त्यांच्या डोळ्यांनाही तेवढाच कळतो. याच्या डोळ्याखालचा दिवा मात्र लाल. समोरच्यावर झोत पडला तरी समोरच्याला पत्ता नाही.

आता लाल उजेड फेकायचा तर तो स्वतःला तरी दिसायला हवा. त्यासाठी याने जे केलंय ते ऐकून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी कान टवकारावेत. १९९८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की याच्या डोळ्यात क्लोरोफिलपासून बनलेलं एक द्रव्य असतं. क्लोरोफिल, म्हणजे पानातलं हरितद्रव्य! जिथे ऊन कधी पोचत नाही तिथला मासा हरितद्रव्याच्या जोरावर बघतो. ते त्याला बहुधा पोटातून मिळतं, कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव खाऊन. आणि एवढा अक्राळविक्राळ जबडा असूनही याच्या पोटात सापडतात ते मुख्यतः हेच चिमुकले कोपेपॉड.

राहणार कुठे?

पाठ्यपुस्तकातला पत्ता सोपा आहे. २०० मीटरपर्यंत उजेडाचा मजला, तिथून १,००० मीटरपर्यंत संधिप्रकाशाचा, त्याखाली कायमची अमावस्या. पण रंगांची खरी गर्दी असते ती प्रवाळ-उतारांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात, साधारण ३० ते १५० मीटरच्या दरम्यान. हा पट्टा वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिला. साध्या हवेच्या टाक्या पाठीला बांधून हौशी पाणबुडे चाळीसेक मीटरपर्यंत जातात. उलट कोट्यवधी खर्चून पाणबुडी नेणाऱ्यांना शंभर मीटर म्हणजे अंगणच. त्यांची नजर थेट तळाकडे.

२०१८ साली कॅरोल बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाजवळ ३०० मीटरपर्यंत माशांची मोजदाद केली. सुमारे १३० मीटरनंतर वस्तीच बदलते, वरच्या माशांची जागा दुसरेच मासे घेतात, असं त्यांना आढळलं. म्हणून त्यांनी या नव्या पट्ट्याला रॅरिफोटिक असं वेगळं नाव दिलं. कुरासावजवळच सापडलेल्या एका गोबी माशाचं नाव कोरिफोप्टेरस कुरासब. ज्या पाणबुडीतून त्याला पकडलं, तिचंच नाव त्याला चिकटलं.

ओबामा आणि अ‍ॅफ्रोडाइटी

३० ते १५० मीटरच्या पट्ट्यातले खरे नखरेल म्हणजे अँथियस. गुलाबी, केशरी, पिवळे, जांभळे. आजवर त्यांना आपल्या हेकरूच्या कुळात बसवत आले. आता बरेच तज्ज्ञ त्यांना स्वतंत्र कूळ देतात. हेकरू आणि अँथियस शेजारी ठेवले तर कुणालाही वाटेल की हे आधीच करायला हवं होतं! त्यांची घरगुती व्यवस्थाही निराळी आहे. नर मेला की कळपातली सगळ्यात दांडगी मादी नर होते आणि रंगही पालटते. नुसत्या रंगावरून जाती ठरवणाऱ्यांची किती पंचाईत झाली असेल, कल्पना करा.

हवाई द्वीपसमूहाच्या अगदी टोकाला कुरे नावाचं प्रवाळबेट आहे. तिथे ९० मीटर खोलीवर रिचर्ड पाइल आणि सहकाऱ्यांना एक गुलाबी-पिवळा मासा मिळाला. नराच्या पाठपरावर निळ्या कडेचा लाल ठिपका, थेट बराक ओबामांच्या प्रचारचिन्हाची आठवण करून देणारा. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, ओबामांनी तिथलं सागरी अभयारण्य वाढवलं होतं. मग काय, नाव पडलं टोसॅनॉइडीस ओबामा.

दोन वर्षांनी त्याची चुलत बहीण जाहीर झाली ती दुसऱ्याच महासागरातली. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर, अटलांटिकच्या मधोमध, सेंट पॉलचे खडक म्हणून काही सुळके आहेत. तिथे १२० मीटर खाली कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या पाणबुड्यांना हा गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांचा मासा दिसला. ते त्याच्यावर इतके लट्टू झाले, की डोक्यावरून भलामोठा सिक्सगिल शार्क निघून गेला तरी त्यांना पत्ता नाही. कॅमेरा धरलेल्या सहकाऱ्याने ओरडून सांगितलं, तरी व्यर्थ. चित्रफितीत सगळं दिसतं. अशा मोहिनीला प्रेमदेवतेशिवाय कुणाचं नाव देणार? टोसॅनॉइडीस अ‍ॅफ्रोडाइटी. हे भाऊबंद पॅसिफिकमधलेच, असा तोवरचा समज होता. तोही त्याच बुडीत बुडाला.

दक्षिण पॅसिफिकमधल्या कुक बेटांजवळचा पेपरमिंट एंजलफिश आणखी तोऱ्यात असतो. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्या, बोटभर लांबी. १९९२ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण झालं. हौशी मत्स्यपालकांमध्ये त्याची किंमत हजारो डॉलरमध्ये बोलली जाते. त्यात माशापेक्षा पाणबुड्याच्या जिवाची किंमत जास्त धरायला हवी. खाली काही मिनिटं काढली की वर यायला काही तास लागतात, नाहीतर रक्तातला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडतो. घाईने वर आणलेल्या माशाचा वाताशयही फुगतोच.

बाटलीत उतरला की रंग उतरला

मुंबईच्या गोदीत १८८१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचं चाकांचं, वाफेवर चालणारं सर्वेक्षण-जहाज बांधलं गेलं. आल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर १८८८ पासून काही वर्षं त्यावर निसर्गतज्ज्ञ होते. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या तळावरून जाळं ओढायचं, वर आलेलं मद्यार्काच्या बरणीत टाकायचं, हा शिरस्ता. भारतीय खोलसागरी माशांची त्यांची सूची १८९९ मध्ये निघाली. पण मद्यार्क हा रंगाचा वैरी. लाल आणि पिवळी द्रव्यं त्यात विरघळतात, आणि जाळ्यातून लालेलाल आलेला मासा काही दिवसांत फिक्कट होतो. म्हणून अशा सूच्यांमध्ये परांचे काटे मोजतात, खवले मोजतात, दात तपासतात. वाचायला रुक्ष, पण साक्षीला उभं राहणारं तेवढंच.

याचा फटका बसलेला मासा म्हणजे माणिक सागरी ड्रॅगन. घोडामाशाच्या नात्यातला, गडद लाल. त्याचा एक नमुना १९१९ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या किनाऱ्यावर वाहून आला होता. संग्रहालयात तो सामान्य सागरी ड्रॅगन म्हणून जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिला. पुढे दुसऱ्या एका नमुन्याच्या डीएनएने घोटाळा उघड केला आणि २०१५ मध्ये नवी जात जाहीर झाली. जिवंत दिसला तो त्यानंतर वर्षभराने, पन्नास मीटरहून खोल पाण्यात. भावंडांच्या अंगावरच्या पानांसारख्या झालरी याला मुळी नाहीतच, आणि शेपूट घोडामाशासारखी वळते. मेलेल्या नमुन्यांवरून यातलं काहीच धड कळलं नव्हतं.

अपवाद हवाच. झांजिबारजवळचा सिऱ्हिलॅब्रस वाकांडा (२०१९) हा जांभळ्या खवल्यांचा मासा बरणीत घातला तरी जांभळाच राहतो.

मालदीवचा गुलाबी सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा तर १९९०च्या दशकापासून माहीत होता. तो दुसऱ्याच एका जातीत मोडतो असं सगळे धरून चालले, कारण त्या दुसऱ्या जातीचं वर्णन एका पिल्लावरून केलेलं. पिल्लू बघून मोठेपणीचा रंग कोण सांगणार! २०२२ मध्ये अखेर त्याचं बारसं झालं. करणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते. मासा तोवर शोभेच्या माशांच्या व्यापारात विकला जात होता, हे वेगळं.

निळा, आणि मग तपकिरी

२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन गावच्या धक्क्यावर, संग्रहालय सांभाळणाऱ्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर ट्रॉलरवरच्या माशांचा ढीग उपसत होत्या. ढिगातून एक निळा पर डोकावला. खाली दीड मीटरचा, पांढऱ्या ठिपक्यांचा निळा मासा. टॅक्सीवाल्याने नाक मुरडलं, शवागाराने जागा नाकारली आणि डिसेंबरचा तिथला उन्हाळा. शेवटी पेंढा भरावा लागला, आणि निळाई गेली. तो सीलाकँथ होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला अशी सगळ्यांची खात्री असलेला.

कोमोरोस बेटांजवळ हे मासे दिवसा दीडशे-अडीचशे मीटर खोल लाव्हाच्या गुहांत राहतात. गुहेच्या भिंतींना चिकटलेल्या शिंपल्यांत त्यांचे पांढरे ठिपके बेमालूम मिसळतात. १९९७ मध्ये इंडोनेशियात मानाडोच्या बाजारात दुसरा सीलाकँथ दिसला, तो तपकिरी. तीही वेगळी जात ठरली. आणि नात्यागोत्याचं म्हणाल तर सीलाकँथ पापलेटपेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचा. त्याच्या मांसल परांच्या घराण्यातूनच पुढे हातपाय फुटले.

तीन घराणी, एक संसार

रंगेलांच्या वर्गीकरणातला सगळ्यात मोठा गोंधळ व्हेलफिशचा. १,००० मीटरखाली राहणारे, शेंदरी-लाल, मोठ्या तोंडाचे, बारीक डोळ्यांचे मासे. सापडलेल्या सगळ्या माद्या. दुसरं घराणं टेपटेल, वरच्या पाण्यातलं, शेपटीला अंगाच्या कितीतरी पट लांब फीत. सापडलेली सगळी अल्पवयीन. तिसरं बिगनोज. नाक प्रचंड, आणि सगळे नर. पन्नासेक वर्षं ही तीन कुळं ग्रंथांत वेगवेगळी नांदली. एका कुळात नर नाहीत, दुसऱ्यात मोठं कुणीच नाही, तिसऱ्यात माद्या नाहीत, आणि तरी संशय यायला एवढा वेळ लागला!

२००९ साली डेव्हिड जॉन्सन, मासाकी मिया आणि मंडळींनी डीएनए व शरीररचना जुळवून निकाल दिला: पोरं, बाई आणि बुवा एकाच घरातले. बुवांची कथा करुण आहे. मोठं होताना त्यांची अन्ननलिका आणि जठर नाहीसं होतं. लहानपणी खाल्लेल्या कोपेपॉडवर पोसलेल्या यकृताच्या शिदोरीवर उरलेलं आयुष्य काढायचं, आणि नाकाने बाई शोधायची.

जाता जाता दोन

ओपा: गाडीच्या चाकाएवढा गोल, रुपेरी अंगावर पांढरे ठिपके, पर शेंदरी. २०१५ मध्ये कळलं की हा सगळ्या अंगाने, हृदयासकट, गरम रक्ताचा आहे. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा सुमारे ५ अंशांनी गरम. बाकीचे गारठलेले असताना हा चपळ.

चॉनॅक्स: तळावर बसलेला गुलाबी-लाल गोळा. पोहण्याचा कंटाळा, म्हणून परांवर चालतो. कल्ल्यांत पाणी भरून चार मिनिटांपर्यंत श्वास रोखून बसतो. याचे भाऊबंद आपल्या अरबी समुद्रातही आहेत.

सगळ्यात खाली गुलाबी

आठ हजार मीटरवर कुणी राहत असेल तर तो राक्षसी आणि काळा असणार, अशी आपली समजूत. तिथे राहतो गुळगुळीत, मऊ, फिकट गुलाबी स्नेलफिश. रंग असा त्याला नाहीच. कातडी इतकी पातळ की आतलं रक्त आणि यकृत दिसतं, तोच गुलाबीपणा. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एका पिल्लाचं चित्रण झालं. याहून खोल मासा कॅमेऱ्यात आलेला नव्हता. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या ३,००० मीटरहून खोल पाण्यातल्या आणखी एका गुलाबी, खडबडीत स्नेलफिशला नाव मिळालं. या गर्तांच्या तळापर्यंत मासे का जात नाहीत, त्याचं कारण रसायनात आहे. प्रचंड दाबाखाली प्रथिनं चुरगळू नयेत म्हणून मासे पेशींत टीएमएओ नावाचं द्रव्य साठवतात. खोली वाढते तसं ते वाढवावं लागतं. अंदाजे ८,२०० ते ८,४०० मीटरला ते इतकं होतं, की आणखी भर घातली तर बाहेरचं पाणी अंगात शिरू लागेल. त्याखाली रंगीत सोडाच, बिनरंगीही मासा मिळायचा नाही असा जाणकारांचा कयास आहे.