क्लोन अकरा

माझ्या टेबलाच्या खणात पाच पानांची एक झेरॉक्स गेली कित्येक वर्षं पडून आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. लेख १९९२ सालचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातला. लेखक तिघं: कर्टिस, शार्नोव्स्के आणि वॉटसन. काम सिअ‍ॅटलमधलं, एका औषध कंपनीच्या संशोधन संस्थेतलं. प्रतिकारशक्तीवरच्या पुस्तकांत डीसी-साइन या प्रथिनावर पानंच्या पानं असतात, पण या तिघांच्या वाट्याला फार तर एखादी तळटीप येते. त्या तळटिपेच्या मागे लागून मी ही झेरॉक्स मिळवली आणि तेव्हापासून तिच्यात अडकलो.

एचआयव्ही पेशीत शिरतो तो सीडी-४ या रेणूला धरून, हे १९८४ पासून माहीत होतं. पण सीडी-४ नसलेल्या काही पेशींनाही विषाणूच्या कवचावरचं जीपी-१२० हे प्रथिन चिकटत होतं. ते कशाला चिकटतं, हा या तिघांचा प्रश्न. त्यांनी शोध घेतला तो वारेत. हो, बाळंतपणानंतर पडते तीच वार. तिच्यातल्या जनुकांच्या प्रती पेशींत घालून जीपी-१२० कोणाला धरतंय हे त्यांनी तपासलं आणि एक प्रत हाती लागली. तिचं नाव ‘क्लोन ११’. तिच्यावरून बनणारं प्रथिन ४०४ अमिनो आम्लांचं. त्याच्या एका टोकाची घडण कॅल्शियमच्या मदतीने शर्करा धरणाऱ्या लेक्टिन प्रथिनांसारखी. मॅनोज किंवा फ्युकोज ही शर्करा आधीच भरपूर घातली, की जीपी-१२० ला जागाच उरत नसे. म्हणजे पकड विषाणूच्या प्रथिनावर नव्हती, त्याच्या अंगावरच्या साखरेवर होती. आणि ती साखर विषाणूची स्वतःची नव्हेच. जीपी-१२० च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग शर्करेचा असतो आणि ती चढवते आपलीच पेशी. चोराच्या अंगावर घरमालकाचाच कोट!

एवढं सगळं पाच पानांत आहे. पुढे आठ वर्षं जवळजवळ सामसूम. १९९६ मध्ये सीसीआर-५ आणि सीएक्ससीआर-४ ही विषाणूची सहदारं सापडली आणि सगळा जथा तिकडे धावला. वारेतल्या एका लेक्टिनकडे कोण बघणार? त्यातून, शर्करेचं रसायन किचकट म्हणून तिला टाळायची जीवशास्त्रज्ञांना जुनी खोड आहे, असं माझं मत. जनुकांची लिपी सरळ रेषेत वाचता येते, शर्करेला फांद्या फुटतात.

२००० च्या मार्चमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात पाठोपाठ दोन लेख आले. नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये ट्युनिस खाइटेनबेक, इव्हेट व्हान कोइक आणि कार्ल फिगडोर निराळंच काही शोधत होते: शरीराची पहारेकरी असलेली डेंड्रायटिक पेशी रोगाशी लढणाऱ्या टी-पेशीला पहिल्यांदा बिलगते ती कशाच्या जोरावर? टी-पेशीवरच्या आयकॅम-३ ला पकडणारं प्रथिन त्यांनी वेगळं काढलं, त्याचा क्रम वाचला, आणि निघाला तो आपला क्लोन ११. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी होतं, या पोराचं आठ वर्षांनी झालं. नाव ठेवलं डीसी-साइन. लघुरूप उलगडलं तर त्यात दोन दावे आहेत: हे प्रथिन फक्त डेंड्रायटिक पेशींचं, आणि त्याचं काम आयकॅम-३ धरण्याचं.

दुसऱ्या लेखात न्यूयॉर्कचे डॅन लिटमन सोबत होते. डेंड्रायटिक पेशी या प्रथिनाने विषाणू पकडते, त्याला दिवसचे दिवस जिवंत ठेवते आणि लसिका ग्रंथीत जाऊन टी-पेशीच्या हवाली करते, असं त्यात मांडलं होतं. पहारेकरीच चोराला खांद्यावर बसवून कोठारात नेतो! गोष्ट इतकी देखणी, की ती लगेच पाठ्यपुस्तकांत गेली. पाठोपाठ इबोला आला, डेंगी आला, क्षयाचे जंतू आले. सगळ्यांच्या अंगावर मॅनोज, सगळ्यांना हीच पकड. उंदरावर प्रयोग करावेत तर तिथे याचे आठ भाऊबंद, आणि हुबेहूब याच्यासारखा एकही नाही.

मग नावाचे टाके उसवू लागले. २००५ मध्ये निरोगी माणसांच्या लसिका ग्रंथी तपासल्या, तर हे प्रथिन तिथे मुबलक होतं ते जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर. डेंड्रायटिक पेशी टी-पेशींना चेतवतात, त्यालाही त्याची गरज दिसेना. मी पुन्हा झेरॉक्सकडे वळलो. वारेत हे प्रथिन मिरवतात त्या हॉफबाउअर पेशी, आणि त्या मॅक्रोफेजच! ते नायमेखनच्या लोकांना २००१ च्या सुमारास कळलंही होतं. तरी ‘फक्त डेंड्रायटिक’ हे बिरूद टिकलं.

मला खरा आदर वाटतो तो २००७ च्या एका लेखाबद्दल. डेंड्रायटिक पेशींकडून टी-पेशींना होणारी विषाणूची पोचवणी डीसी-साइनवाचूनही चालते, असं शीर्षकातच ठणकावून सांगणारा हा लेख आला लिटमन यांच्याच प्रयोगशाळेतून. सात वर्षांपूर्वीची आपलीच गाजलेली गोष्ट माणसं सहसा अशी मोडत नाहीत. २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने दुसरा हमाल पुढे आणला: सिग्लेक-१. तो विषाणूच्या पातळ आवरणातल्या गँग्लिओसाइड या मेदरेणूवरचं सियालिक आम्ल धरतो. तेही शर्कराच, आणि आवरणही विषाणूने आपल्याच पेशीकडून उचललेलं.

डीसी-साइन निकामी ठरलं, असा याचा अर्थ नाही. डासाच्या पेशीतून बाहेर पडलेल्या डेंगी विषाणूवर मॅनोज ठासून भरलेलं असतं, आणि त्याला धरण्यात हे प्रथिन आजही पटाईत मानलं जातं. बदललं ते कागदोपत्रीचं नाव. बारशातलं लाडकं नाव संशोधकांच्या तोंडी आहे, पण जनुकांच्या अधिकृत यादीत शोधायला गेलात तर तिथे पुन्हा एक नंबरच भेटतो: सीडी-२०९.