मिनीची रात्रपाळी

५ नोव्हेंबर १९६४, संध्याकाळ

दक्षिण आफ्रिकेतला प्रिटोरिया सेंट्रल तुरुंग. फाशीच्या कोठड्यांत वुयिसिले मिनी, विल्सन खायिंगा आणि झिनाकिले म्काबा. मिनी ४४ वर्षांचा. पोर्ट एलिझाबेथच्या गोदीत घाम गाळला, युनियन बांधली आणि हे करता करताच गाणी रचली. आरोप घातपाताचे, शिवाय पोलिसांच्या खबऱ्याच्या खुनात सामील असल्याचा. सहकारी विल्टन म्क्वायीविरुद्ध साक्ष दिलीस तर जीव वाचेल, असं पोलीस कोठडीत येऊन सुचवून गेले. त्याने नकार दिला.

रात्र

कोठड्यांतून गाणं सुरू होतं, हळू, उदास. त्यावरूनच तुरुंगाला कळतं की यांची वेळ आली. वाद्य नाही, कागद नाही. मिनीच्या गाण्यांना ते लागतच नसत. एकाने उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. शब्द इतके मोजके की मोर्चातला नवखाही दुसऱ्या फेरीला गळा मिसळतो. 'न्दोदेम्न्यामा' हे त्याचं गाणं म्हणजे वर्णभेदी सरकारचा पंतप्रधान फरवूर्ट याला नाव घेऊन दिलेला इशारा, पण चाल पाय थिरकवणारी. मला मिनीची खरी ताकद इथे दिसते. धास्तावलेलं अंग आधी हलावं लागतं, मग आवाज फुटतो.

उशिरा सगळं शांत होतं.

६ नोव्हेंबर, पहाट

पुन्हा सूर. त्याच तुरुंगात शिक्षा भोगणारा बेन टुरॉक जागा आहे. पुढे त्याने लिहून ठेवलं, म्हणून हे तास आपल्यापर्यंत पोचले. अचानक मिनीचा खर्जातला आवाज बोळांतून घुमतो. स्टुलावर चढून, उंचावरच्या गजांच्या झरोक्याशी तोंड नेऊन तो बोलत असावा, असं टुरॉकला वाटतं. मिनी खोसा भाषेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या आपल्या संघटनेच्या लढ्याबद्दल बोलतो, आपण जिंकणारच म्हणून सांगतो. गळा दाटलेला, पण माघार नाही. मग खायिंगा बोलतो. मग म्काबा.

थोड्या वेळाने

कोठडीचं दार उघडतं. कुजबुज. आणि तिघे मिळून गाऊ लागतात. अख्खा तुरुंग त्या गाण्याने भरून जातो. मग ते आत, दूर, आणखी दूर जात विरतं.

त्यानंतर

प्रेतं बेवारशांच्या दफनभूमीत पुरली. फरवूर्टवरचं ते गाणं पुढच्याच वर्षी गायक मिरियम मकेबा आणि हॅरी बेलाफोंटे यांच्या तबकडीवर आलं आणि परदेशांत ऐकलं जाऊ लागलं. तिघांचे अवशेष मात्र १९९८ साली उकरून काढले गेले, तेव्हा कुठे मिनी पोर्ट एलिझाबेथला, न्यू ब्रायटनच्या मातीत परतला.